नऊ नंबरची ट्वियर: एका पोलाद अभियंत्याची स्मरणिका करताना

पार्श्वभूमी

पोलाद कारखान्यात छत्तीस वर्षं नोकरी केलेल्या एका अभियंत्याचं वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी निधन झालं. वर्षश्राद्धाच्या आत त्यांच्यावर एक पुस्तिका काढायची असं मुलांनी ठरवलं आणि ते काम माझ्याकडे आलं. मी नागपुरात अशा घरगुती स्मरणिका संपादित करते. हातात आठ महिने होते. कुटुंबाची परवानगी घेऊन हे प्रकरण लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून कारखान्याचं आणि माणसांची नावं दिलेली नाहीत, काही किरकोळ तपशीलही बदलले आहेत. त्यांना इथे मी 'साहेब' म्हणेन. कारखान्यात सगळे त्यांना तसंच म्हणत, आणि आठ महिने त्यांच्या डायऱ्या वाचून माझ्याही तोंडी तेच बसलं.

साहेब १९४० चे. पुण्यात मेटलर्जी शिकले आणि १९६२ मध्ये एका सरकारी पोलाद कारखान्यात झोतभट्टी विभागात रुजू झाले. झोतभट्टी म्हणजे खनिजातून लोखंड वितळवून काढणारी उंच भट्टी, ब्लास्ट फर्नेस. तो काळच वेगळा होता. १९५४ मध्ये हिंदुस्तान स्टील कंपनी स्थापन झाली होती. भिलाईला सोव्हिएत रशिया, राउरकेल्याला पश्चिम जर्मनी आणि दुर्गापूरला ब्रिटन अशा मदतीने प्रत्येकी दहा लाख टनांचे तीन कारखाने उभे राहिले, आणि १९५९ या एकाच वर्षात तिन्ही ठिकाणच्या पहिल्या झोतभट्ट्या पेटल्या. मागे तयार माणसं मात्र नव्हती. बावीस-तेवीस वर्षांची पोरं थेट भट्टीवर उभी राहिली आणि तिथेच शिकली. साहेब त्यांतले एक. १९९८ मध्ये अठ्ठावन्नाव्या वर्षी ते निवृत्त झाले तेव्हा विभागात त्यांच्या वर फक्त एक अधिकारी होता.

घरून मला एक लोखंडी ट्रंक मिळाली. तिच्यात एक्केचाळीस खिशातल्या डायऱ्या, प्रमाणपत्रांची फाइल, निरोप समारंभाचं छापील भाषण, सात-आठ ग्रूप फोटो आणि लाकडी चौकटीत बसवलेली एक निळी काच होती. ही काच काय, ते मुलांपैकी कुणालाच नेमकं ठाऊक नव्हतं. थोरली मुलगी म्हणाली, "लहानपणी आम्ही त्यातून ग्रहण बघायचा हट्ट करायचो, बाबा हात लावू द्यायचे नाहीत." ती भट्टीच्या पोटात बघायची काच. झोतभट्टीच्या खालच्या अंगाला भोवताली तांब्याची तोंडं असतात, त्यांना ट्वियर म्हणतात. त्यांतून हजार अंशांच्या आसपास तापवलेली हवा आत फुंकली जाते. ती हवा कोकला, म्हणजे भाजून तयार केलेल्या कोळशाला, भिडते तिथे उष्णता दोन हजार अंशांवर जाते. उघड्या डोळ्याने तिथे बघता येत नाही. प्रत्येक ट्वियरमागे एक छोटं भोक असतं, त्याला निळी काच लावायची आणि आत उजेड कसा आहे, कोक नाचतोय का, काळे गोळे लोंबतायत का, ते पाहायचं. डॉक्टरच्या स्टेथोस्कोपसारखीच ती काच. साहेबांच्या काचेचा एक कोपरा अंगठा घासून घासून गुळगुळीत झाला होता.

मुलांच्या आठवणी क्वार्टरच्या होत्या. शिफ्टचा भोंगा, रात्री स्लॅग (लोखंडापासून वेगळा झालेला वितळलेला मळ) ओतला की खिडकीत पडणारा तांबडा उजेड, आणि ठिणग्यांनी बारीक बारीक भोकं पडलेले सुती शर्ट. भट्टीवर टेरिकॉट चालत नसे, ते वितळून अंगाला चिकटतं. त्यामुळे आई जुने सुती शर्ट रफू करत राहायची. बाबा कामावर नेमकं काय करत, हे तिघांपैकी एकालाही सांगता येत नव्हतं. याचं मला नवल वाटलं नाही, पण वाईट वाटलं. पोलादाच्या गावात वाढलेल्या किती मुलांना ते सांगता येईल?

अडचण

एक गोष्ट मात्र तिघांना पाठ होती. १९७१ च्या जानेवारीतली रात्रपाळी. भट्टी अचानक गार पडायला लागली, वरिष्ठ गावात नव्हते, आणि बाबांनी एकट्याने निर्णय घेऊन रातोरात भट्टी वाचवली. त्याबद्दल त्यांना प्रशस्तिपत्र मिळालं. पत्र फाइलमध्ये होतंच. अमेरिकेत असलेल्या मुलाचा आग्रह होता की पुस्तिकेची सुरुवात याच प्रसंगाने व्हावी.

मी १९७१ ची डायरी काढली. त्या रात्रीचं पान पेन्सिलीने लिहिलेलं होतं, कागदावर लाल धूळ बसली होती. पुसली तरी निघेना. मजकूर असा:

"२.१० उ. म्हणाला, साहब, नौ नंबर रो रहा है. काचेतून पाहिलं. खात्री पटेना. गॅसचा नमुना लॅबला पाठवला. ३.४० रिपोर्ट. हायड्रोजन चढलाय. नऊचं पाणी कमी केलं, टॅपिंग पुढे ओढलं. स्लॅग काळा, घट्ट. उ. बरोबर होता. दीड तास माझा."

'उ.' म्हणजे उस्ताद, त्या पाळीचे फोरमन. शिक्षण चौथीपर्यंत, वय साहेबांपेक्षा वीस वर्षांनी जास्त. 'रडतेय' म्हणजे गळतेय. टॅपिंग म्हणजे भट्टीच्या तळाचं भोक, टॅपहोल, उघडून वितळलेलं लोखंड आणि स्लॅग बाहेर काढणं. ट्वियर तांब्याची असते आणि ती वितळू नये म्हणून तिच्या पोटातून सतत पाणी खेळवलेलं असतं. तिला चीर गेली की पाणी भट्टीत जातं. तिथल्या उष्णतेत पाण्याचं विघटन होतं, म्हणून वरून निघणाऱ्या वायूत हायड्रोजन वाढतो. या विघटनाला उष्णता लागते, ती भट्टीतूनच जाते. तळ गारठतो, स्लॅग घट्ट होतो, लोखंड वाहेनासं होतं. फार उशीर झाला तर शेकडो टन माल भट्टीच्या तळाशी गोठून बसतो.

पुढच्या पानांवरून कळलं की तसंच होत गेलं होतं. टॅपहोल ड्रिलने उघडेना, ऑक्सिजनच्या नळ्यांनी जाळून उघडावं लागलं. बहुतेक ट्वियर मातीने बुजवून टॅपहोलच्या जवळच्या चार-पाचच चालू ठेवल्या, वरून जादा कोक टाकला, आणि मग एकेक ट्वियर उघडत भट्टी पूर्ववत व्हायला सहा दिवस लागले. ते सहा दिवस साहेब घरी गेलेच नाहीत. प्रशस्तिपत्रही याच सहा दिवसांबद्दल होतं. मी ते पुन्हा नीट वाचलं. त्यात 'रातोरात' नव्हतं, 'एकट्याने' नव्हतं, 'भट्टी पूर्ववत करण्यातील अथक परिश्रम' असा उल्लेख होता. पन्नास वर्षांत सांगता सांगता सहा दिवसांची एक रात्र झाली, वीस-पंचवीस माणसांचा एक माणूस झाला, आणि उस्ताद गोष्टीतून गळाले.

आता अडचण उघड होती. घराला सगळ्यात प्रिय असलेला प्रसंग जसा सांगितला जात होता तसा घडलेला नव्हता, आणि त्यात ज्यांचा गौरव करायचा त्यांच्याच हस्ताक्षरात त्यांनी स्वतःवर ठपका ठेवलेला होता.

समोरचे पर्याय

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे गोष्ट घरात सांगतात तशीच छापायची. स्मरणिका म्हणजे काही चौकशी अहवाल नव्हे, आणि हयात नसलेल्या माणसाच्या नावाने चार चांगले शब्द थोडे फुगवून लिहिले गेले तर कुणाचं बिघडतं? हा विचार मी हलका मानत नाही. शोकात असलेल्या घराला अशी गोष्ट आधार देते. पण डायरी वाचल्यानंतर ते छापणं म्हणजे उस्तादांच्या वाट्याचं काढून घेणं झालं असतं, आणि तेही साहेबांनी स्वतः कागदावर नोंदवून ठेवलेलं असताना.

दुसरा मार्ग, ती रात्र गाळून टाकायची. प्रशस्तिपत्राचा फोटो छापायचा आणि पुढे जायचं. धाकट्या मुलीला हे पटत होतं. वादही नाही, खोटंही नाही. मला त्यात एकच खटकत होतं. डायऱ्या वाचताना माझ्या लक्षात आलं होतं की त्या रात्रीनंतर नोंदी लिहिण्याची पद्धतच बदलली आहे. १९७० पर्यंत पान सुरू होतं ते तापमान, हवेचा दाब आणि टनेजने. फेब्रुवारी १९७१ पासून बहुतेक पानांची पहिली ओळ आहे, 'उ. काय म्हणतो'. पुढे उस्ताद निवृत्त झाले, तरी ती ओळ राहिली, फक्त अक्षर बदललं. कधी 'गॅ.' म्हणजे गॅसमन, कधी 'क्रे.' म्हणजे क्रेनवाला. ती रात्र गाळली असती तर ही ओळ कुठून आली ते कळलंच नसतं.

तिसरा मार्ग डायरीचं पान जसंच्या तसं छापण्याचा, आणि चौथा घरातली गोष्ट आणि डायरी शेजारी शेजारी ठेवून वाचकाला दोन्ही वाचू देण्याचा. हा चौथा मार्ग मला काही दिवस फार आवडला होता. नंतर वाटलं की त्यात मी निर्णय वाचकावर ढकलते आहे. घरच्यांनी ठरवायचं ते दोनशे परक्या वाचकांनी का ठरवावं?

डायरी खाजगी असते, हाही मुद्दा होता. त्यांनी ती कुणाला दाखवली नव्हती. थोरली म्हणाली, "पण फाडलीही नाही ना. पाच घरं बदलली, पुस्तकं रद्दीत दिली, ही ट्रंक कधी दिली नाही." मुलगा फोनवर बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बाबांच्या वर्षश्राद्धाला बाबांची चूक छापायची?"

या प्रश्नाला माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. मी एवढंच म्हटलं की निर्णय आपण आईंना विचारल्याशिवाय घ्यायचा नाही, आणि भट्टी कळणाऱ्या माणसाला दाखवल्याशिवाय त्याला 'चूक' म्हणायचं नाही.

काय केलं

साहेबांच्या हाताखाली उमेदवारी केलेले एक निवृत्त अधिकारी पुण्यात राहतात. त्यांच्याकडे मी डायरीच्या आठ पानांच्या प्रती आणि माझं कच्चं प्रकरण घेऊन गेले. त्यांनी लाल पेन मागितलं. पहिलीच खूण 'भट्टी विझली' या शब्दांवर. "भट्टी विझत नाही हो बाई, गार पडते. वर्षानुवर्षं विझू द्यायची नसते तिला."

दुसरी दुरुस्ती महत्त्वाची होती. मी लिहिलं होतं की उस्तादांनी सांगताक्षणी हवा बंद करून ट्वियर बदलायला हवी होती. ते म्हणाले, तळात लोखंड आणि स्लॅग भरलेला असताना हवा बंद केली तर स्लॅग वर चढून ट्वियरमध्ये आणि मागच्या नळ्यांमध्ये शिरतो. मग एक ट्वियर बदलायची सोडून सगळ्या साफ करत बसा. म्हणून आधी टॅपिंग करून तळ रिकामा करायचा, मग हवा बंद. साहेब थांबले त्यात हा हिशोब होता. मग त्यांनी काय करायला हवं होतं? "नऊचं पाणी लगेच आवळायचं. पाण्याचा दाब भट्टीच्या दाबाखाली आणला की चीर असेल तर बाहेर पडणाऱ्या पाण्यात गॅसचे बुडबुडे दिसतात. पाच मिनिटांचं काम. उस्तादांना तेच हवं असणार. साहेबांना कागद हवा होता." जरा थांबून म्हणाले, "तिशीत सगळ्यांनाच हवा असतो."

शिवाय, त्या आठवड्याच्या नोंदींमध्ये कोकमधली राख वाढल्याचा उल्लेख होता. आपल्याकडच्या कोळशात राख मुळातच जास्त. त्या काळी एक टन लोखंडामागे पाऊण टनाहून जास्त कोक जाळावा लागे, आणि राख चढली की भट्टी थंडीकडे झुकते. "दीड तासामुळेच सगळं झालं असं छापू नका. ती आधीच ढासळत होती. त्या दीड तासाने तिला शेवटचा धक्का दिला, इतकंच म्हणता येईल."

निघताना त्यांनी अजून एक गोष्ट सांगितली, आणि माझ्या दृष्टीने प्रकरण तिथे फिरलं. साहेब विभागाचे उपप्रमुख झाल्यावर त्यांनी लॉगबुकसाठी एक नियम केला. बिघाड कुणाच्या प्रथम लक्षात आला त्याचं पूर्ण नाव लिहायचं, मग तो खलाशी म्हणजे मदतनीस असो की कंत्राटी मजूर. हाताखालच्या पोरांना तो जाच वाटायचा. शिफ्ट संपवून घरी जायची घाई, आणि साहेब विचारणार, "पहिल्यांदा कुणी बघितलं?" नाव नसेल तर सही करत नसत. "असं का, हे आम्हाला कधी कळलं नाही," ते म्हणाले, आणि डायरीचं पान त्यांनी पुन्हा एकदा वाचलं.

मग मी काकूंकडे, म्हणजे साहेबांच्या पत्नींकडे, गेले. त्यांना पान वाचून दाखवलं. पदराचा शेव बोटाला गुंडाळत त्या ऐकत होत्या. म्हणाल्या, "अगं, ही गोष्ट त्यांनी स्वतः कधी सांगितलीच नाही. त्यांचे मित्र सांगायचे. कुणी सुरू केली की हे पाणी आणायला म्हणून आत जायचे. मला वाटायचं संकोच आहे." थोड्या वेळाने म्हणाल्या, "छापा. त्यांनी लिहिलंय ना, मग छापा. पण त्या उस्तादांच्या घरी आधी विचारा."

हे काकूंना सुचलं, मला सुचलं नव्हतं. उस्ताद कधीच गेले होते, पण त्यांचा मुलगा त्याच गावात राहतो हे पुण्याच्या अधिकाऱ्यांकडून कळलं. पत्र लिहिलं, मग फोन केला, आणि शेवटी थोरल्या मुलीला सोबत घेऊन गेले. पान वाचून दाखवल्यावर ते म्हणाले की वडिलांनी घरी त्या रात्रीबद्दल काही सांगितलेलं आठवत नाही. एकच गोष्ट ते नेहमी सांगायचे, "साहब ने कंट्रोल रूम में मेरे लिए कुर्सी रखवाई थी." त्या काळात कंट्रोल रूममध्ये कामगार उभाच असे. खुर्ची कुठल्या साली आली ते त्यांना ठाऊक नव्हतं. थोरली एकदम उठून बाहेर गेली आणि बऱ्याच वेळाने आत आली. उस्तादांच्या मुलाने एकच अट घातली: पुस्तिकेत 'उ.' नको, वडिलांचं पूर्ण नाव हवं. ते आनंदाने मान्य केलं.

शेवटी अमेरिकेतला मुलगा. त्याला मी पुण्याच्या अधिकाऱ्यांशी थेट बोलायला सांगितलं. ते दोघे तासभर बोलले. दुसऱ्या दिवशी त्याचा निरोप आला की प्रकरण डायरीप्रमाणे जाऊ दे, फक्त ते पहिलं ठेवू नका, लॉगबुकच्या नियमाच्या आधी ठेवा, म्हणजे दोन्ही लागून वाचली जातील. ही मांडणी माझ्यापेक्षा सरस होती आणि तशीच ठेवली.

याच सुमारास आणखी एक निर्णय घ्यावा लागला. पुस्तिकेच्या सुरुवातीला मी भारतातल्या पोलादाच्या इतिहासाची चार पानं लिहिली होती, त्यांत आपल्या विदर्भाचा धागा होता. चांदा जिल्ह्यातल्या लोहाऱ्याच्या खनिजाबद्दलचा अहवाल वाचून जमशेटजी टाटांच्या मनात १८८२ मध्ये पोलादाचं बीज पडलं. जवळच्या वरोऱ्याचा कोळसा कोकच्या कामाचा निघाला नाही, म्हणून तो बेत मागे पडला. पुढे त्यांचे चिरंजीव दोराबजी टाटा नागपुरात आले असताना इथल्या संग्रहालयातल्या भूगर्भ नकाशावर त्यांना दुर्ग जिल्ह्यातलं लोह दिसलं. त्यातून राजहऱ्याच्या डोंगरांचा शोध लागला. टाटा अखेर भूगर्भशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांनी सुचवलेल्या मयूरभंजच्या खनिजाकडे वळले आणि कारखाना साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला, झाला. राजहऱ्याचं खनिज पन्नास वर्षांनी भिलाईच्या कामी आलं. मला हा इतिहास जीव लावून वाचावासा वाटतो आणि ही चार पानं काढताना जिवावर आलं. पण साहेबांच्या पुस्तिकेत साहेब पाचव्या पानावर यावेत हे बरोबर नव्हतं. चार पानांचा एक परिच्छेद केला.

निष्पत्ती

पुस्तिका एकशे बारा पानांची झाली, दोनशे प्रती काढल्या. वर्षश्राद्धाच्या संध्याकाळी घरातल्या माणसांसमोर ते प्रकरण मुलानेच वाचलं. 'दीड तास माझा' या ओळीवर तो अडखळला, पाणी प्यायला आणि पुढे वाचत गेला. उस्तादांचा मुलगा नातवाला घेऊन आला होता. काकूंनी निळी काच नातवाच्या हातात दिली आणि देवघरातल्या दिव्याकडे बघायला सांगितलं.

सगळ्यांना ते पटलं असं नाही. साहेबांच्या एका समवयस्क सहकाऱ्यांनी फोन करून नाराजी सांगितली. त्यांच्या मते प्रशस्तिपत्र मिळालेल्या माणसाची खाजगी टिपणं बाहेर काढणं शोभत नाही. मी त्यांचं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. दुसऱ्या एकांनी टॅपिंगच्या वेळेतली माझी एक चूक दाखवली, ती दुरुस्तीची चिठ्ठी उरलेल्या प्रतींमध्ये चिकटवली. आणि त्याच विभागातल्या दोन दिवंगत अभियंत्यांच्या पत्नींनी विचारलं की आमच्याकडेही डायऱ्या आहेत, काय करायचं?

आज वेगळं काय केलं असतं

डायरीचं पान मी तिन्ही भावंडांना एकाच वेळी मेल केलं, रात्री अकरा वाजता. मुलगा तेव्हा ऑफिसात होता. आयुष्यभर ऐकलेली गोष्ट खरी नव्हती हे त्याला परदेशात, एकट्याने, दोन मीटिंगांच्या मधल्या वेळात वाचावं लागलं. त्याच्या पहिल्या विरोधात या धक्क्याचा मोठा वाटा होता. मी आधी फोन करायला हवा होता, आणि पुण्याच्या अधिकाऱ्यांना आधी भेटून, थांबण्यामागचा हिशोब समजून घेऊन मगच पान दाखवायला हवं होतं. 'चूक' हा शब्द मी समजून न घेता वापरला, आणि तोच त्याच्या तोंडी बसला.

काकूंकडे मी सहाव्या महिन्यात गेले. हे सगळ्यात जास्त सलतं. त्यांना दुःखात त्रास नको असा माझा समज होता. प्रत्यक्षात त्या बोलायला आतुर होत्या. रात्रपाळीच्या नवऱ्याला दिवसा झोप मिळावी म्हणून खिडकीला काळा कागद लावून तीन मुलांना दुपारभर गप्प ठेवायचं. ते सहा दिवस तो घरी आला नाही तेव्हा रोज डबा घेऊन गेटपर्यंत जायचं आणि रिकामा डबा परत आला की त्यावरून तो ठीक आहे असं मानायचं. चौथ्या दिवशी डबा भरलेलाच परत आला, ती रात्र त्यांनी बसून काढली. हे मला कळलं तेव्हा पुस्तिकेचा आराखडा ठरून गेला होता. त्यांच्या वाट्याला तीन पानं आली. सुरुवात त्यांच्यापासून केली असती तर 'ही गोष्ट त्यांनी स्वतः कधी सांगितलीच नाही' हे वाक्य पहिल्या आठवड्यात हाती लागलं असतं, आणि पुढचा सगळा घोळ टळला असता.

माणसांना भेटायचा क्रमही चुकला. मी आधी कागद लावले, मग माणसं शोधली. कागद ट्रंकेत अजून वीस वर्षं राहिले असते. त्या पाळीवर क्रेन चालवणारे गृहस्थ हयात आहेत हे कळायला पाच महिने लागले. फोन केला तेव्हा त्यांच्या सुनेने सांगितलं की तीन आठवड्यांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला, वाचा गेली आहे. उस्ताद नऊ नंबरपाशी उभे होते तेव्हा वर क्रेनमधून त्यांना काय दिसलं, ते आता कळायचं नाही.

आणि फोटो. पुस्तिकेच्या मधल्या पानावर भट्टी पूर्ववत झाल्या दिवशीचा ग्रूप फोटो आहे. चौदा माणसं, सगळ्यांचे चेहरे काजळीने काळे, पुढे साहेब उकिडवे बसलेले, शेजारी उस्ताद. मागे काही लिहिलेलं नाही. पुण्याच्या अधिकाऱ्यांनी, उस्तादांच्या मुलाने आणि फोनवर भेटलेल्या जुन्या माणसांनी मिळून अकरा नावं लावली. फोटोखाली चौदा जागा ठेवून छापलं आहे. मागच्या रांगेतल्या डावीकडच्या तीन जागा अजून कोऱ्या आहेत.